वाट्यांखालचे चार ग्लास

जे. पी. नगरातल्या त्या चार मजली इमारतीत रत्नाकर उत्तूरकरांविषयी लोक म्हणत, की हा माणूस दर शनिवारी दिवेलागणीला स्वतःच्याच स्वयंपाकघराबाहेर उभा राहतो आणि आत येण्याची परवानगी मागतो. ‘येऊ का?’ एवढेच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा हळू, ‘येऊ का आत?’ घरात दुसरे माणूस नव्हते हे साऱ्यांना ठाऊक होते. त्यांच्या पत्नीला, कल्पनाताईंना, जाऊन दोन वर्षे होत आली होती.

हे सांगणाऱ्या मुख्यतः शेजारच्या अनुसूया अक्का. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधून एक डक्ट तळापासून गच्चीपर्यंत गेलेला होता आणि त्यातून फोडणीच्या वासाबरोबर बोलणेही इकडचे तिकडे जाई. अक्कांचे घराणे शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात आलेले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मुरली होती, की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता येत नसे. ‘अण्णा वाईट माणूस नव्हेत,’ त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत, ‘पण शनिवार आला की चार ग्लास मांडतात. एकट्या माणसाला चार ग्लास कशाला, तूच सांग की. आणि वर वाट्या झाकतात. नैवेद्य झाकावा तशा.’

तळमजल्यावरच्या कृष्णमूर्तींचा, ते बँकेतून निवृत्त झालेले, भुताखेतांवर विश्वास नव्हता. ‘देव्वा नाही, गिव्वा नाही,’ ते हात झटकत. ‘चौथा ग्लास रिकामा झाला की कोणालाही बायको दिसते. मला तर न पिता रोज दिसते.’

कृष्णमूर्तींचा अंदाज मात्र चुकीचा होता. उत्तूरकर पिणारे नव्हते. चारही ग्लासांत चमचा चमचा व्हिस्की असे आणि तीही पुष्कळदा सिंकमध्येच जाई. त्यांना प्यायचे नसे, ताडून पाहायचे असे.

ताडून पाहणे हाच त्यांचा जन्माचा व्यवसाय. आजऱ्याजवळच्या उत्तूरहून शिकून ते बंगळूरला आले आणि एका सरकारी कारखान्याच्या मापनशाळेत लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कारखान्यात जी जी मोजण्याची हत्यारे वापरली जात, ती सारी त्या थंड, बंद खोलीत तपासणीला येत. आल्या आल्या त्यांना कोणी हात लावत नसे. खोलीची थंडी त्यांच्या अंगात मुरेपर्यंत ती नुसती पडून राहत. मग प्रमाण मानलेल्या तुकड्याशी एकेक ताडून पाहायचे, आणि मगच सही. नव्याने आलेल्या मुलांना उत्तूरकर पहिल्याच दिवशी सांगत, ‘माप जुळलं नाही तर जॉबवर, घडवलेल्या तुकड्यावर, आळ घेऊ नका. आधी आपल्या हातातल्या हत्यारावर संशय घ्या.’ हे वाक्य त्यांच्या निरोपसमारंभात निरनिराळ्या लोकांनी इतक्यांदा म्हटले, की शेवटी सभेत हशा झाला.

तरुणपणी कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी ग्लासगोला पाठवले होते. तिथल्या एका वयस्क सहकाऱ्याने एका शनिवारी त्यांना घरी बोलावले आणि टेबलावर खाली फुगीर, वर तोंड आवळलेले असे चार ग्लास मांडले. प्रत्येकात वेगळी सिंगल माल्ट, म्हणजे एकाच ठिकाणी, निव्वळ बार्लीच्या माल्टपासून गाळलेली स्कॉच. तो सांगू लागला, की एकटीचा वास घेतला तर सगळ्या सारख्याच वाटतात; दुसरीच्या शेजारी ठेवली की प्रत्येक आपला स्वभाव दाखवते. थोडीच ओतायची, पाण्याचे दोन थेंब घालायचे, वास साठावा म्हणून ग्लासाचे तोंड झाकायचे, सौम्य आधी आणि धुराची शेवटी. आणि कुठल्या ग्लासात काय आहे हे वास घेणाऱ्याला मुळीच माहीत असता कामा नये. घेणाऱ्याला माहीत असले की नाक खोटे बोलते. उत्तूरकरांना हे सारे इतके आपल्या खात्यातले वाटले, की परत येताना त्यांनी सामानात तसे चार ग्लास आणले. गावाकडे दारू म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेले होते. त्या दारूचा आणि या चार ग्लासांचा काही संबंध आहे, असे त्यांच्या मनात कधी आलेच नाही.

अडचण एकच होती. माहीत नसता कामा नये, तर ग्लासांची जागा बदलणारे दुसरे माणूस हवे. ते माणूस कल्पना झाली.

ती ग्लास ओठाला लावत नसे. ‘मला नको तुमचं ते औषध,’ ती म्हणे, ‘पण वास घ्यायला काय जातं?’ तिने झाकायला आपल्या आहेरातल्या स्टीलच्या वाट्या काढून दिल्या. माहेरच्या भांडेवाल्याने त्यांच्यावर टिंबाटिंबांनी ‘सौ. कल्पना र. उत्तूरकर’ असे नाव घातले होते. कुठल्या ग्लासात काय, हे शेवटी पडताळता यावे म्हणून तिनेच प्रत्येक ग्लासाच्या बुडाला आपली एकेक टिकली चिकटवली. लाल, काळी, मरून, हिरवी. ग्लास टेबलावर असेपर्यंत टिकली दिसत नसे.

बाटल्यांवरची नावे तिने कधी तोंडात घेतली नाहीत. तिची स्वतःची नावे होती. ग्लेनमोरांजी म्हणजे मोसंबी, आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात ती. ग्लेनफार्क्लास म्हणजे पेटी. लग्नातली लाकडी पेटी उघडली की मनुका, लवंग आणि ठेवणीतल्या कापडाचा येतो तो वास. तालिस्कर म्हणजे शिमगा, विझत आलेल्या होळीत कोणी मूठभर मिरी फेकावी तसा. आणि लागावुलिनचा ग्लास तिने पहिल्यांदा नाकाशी नेला, तेव्हा ती डोळे मिटून तो हुंगत राहिली. मग म्हणाली, ‘अहो, ही तर बाळंतिणीची खोली.’

उत्तूरकरांनी ग्लास घेतला आणि त्यांनाही ती खोली आठवली. गडहिंग्लजला सासरवाडीत शमिकाचा जन्म झाला होता. ते रजा काढून बंगळूरहून गेले, पण बारशापर्यंत पुरुषमाणसाने त्या खोलीत जायचे नाही असा सासूबाईंचा दंडक होता. लोटलेल्या दाराच्या फटीतून ओवा-शेपाच्या धुरीचा धूर येई आणि त्यात डेटॉलचा वास मिसळलेला असे. ते दारापाशी उभे राहून विचारत, ‘येऊ का?’ आणि आतून कल्पनाचा दमलेला आवाज येई, ‘थांबा. अजून नाही.’ स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरच्या धुरात ते दार होते, हे तिच्या नाकाला कळले होते.

तेव्हापासून शनिवारचा तो रिवाज ठरून गेला. उत्तूरकर स्वयंपाकघरातल्या लहान टेबलावर ग्लास ओळीने ठेवून ओतत, डावीकडून हिरव्या टिकलीच्या ग्लासात मोसंबी, मरूनच्यात पेटी, काळीच्यात शिमगा, लालच्यात बाळंतीण. वाट्या झाकत. मग मागच्या युटिलिटीत, कपडे धुण्याच्या मशीनपाशी, कढीपत्त्याच्या कुंडीकडे तोंड करून उभे राहत. पाठीमागे वाट्या किणकिणत. ते विचारत, ‘येऊ का?’ ती म्हणे, ‘थांबा.’ मग थोड्या वेळाने, ‘या.’ ते आत येऊन एकेक ग्लास ओळखत आणि ती ग्लास डोक्यावर धरून खालची टिकली बघे. ते बहुतेक वेळा बरोबर असत. ती स्वतः ओळखायला बसे तेव्हा ती नेहमीच बरोबर असे.

एका शनिवारी मात्र उत्तूरकरांचे चारही ग्लास चुकले. ते चक्रावले. कल्पना टेबलाला धरून हसत होती. डोळे पुसत म्हणाली, ‘हलवलेत कुणी? मी नुसत्या वाट्या वाजवल्या.’ ग्लास जिथे ओतले तिथेच होते. पहिल्या ग्लासाला सरळ मोसंबीचा वास येत होता, पण जागा बदलली असणारच या खात्रीपायी त्यांनी आपल्या नाकावर विश्वास ठेवला नव्हता. ‘तुमचं माझ्यावर लक्ष, ग्लासावर नाही,’ ती म्हणाली. पुढे मनाला येईल तेव्हा ती हा चावटपणा करी. कधी केला आणि कधी नाही, हे त्यांना शेवटपर्यंत ओळखता आले नाही. एकदा त्यांनी सरळ विचारले, तर म्हणाली, ‘निम्म्या वेळा तरी मी हात लावत नाही.’

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघांनाही एकदमच ताप आला. रुग्णालयात बायकांचा वॉर्ड वेगळा होता आणि मधल्या दारातून सोडत नसत. उत्तूरकर बरे होऊन घरी आले. ती आली नाही.

पुढे कितीतरी महिने ते ग्लास कपाटातच राहिले. मग वर्षश्राद्ध झाल्यावर, एका शनिवारी, का ते त्यांनाही सांगता आले नसते, त्यांनी ते काढले. टिकल्या अजून बुडाला होत्या. ओतले, वाट्या झाकल्या आणि सवयीने ते युटिलिटीत जाऊन उभे राहिले. बाहेर अंधारत होते. पाठीमागे वाट्या किणकिणल्या.

ते वळले नाहीत. बराच वेळ कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघत राहिले. ‘येऊ का?’ त्यांनी विचारले. उत्तर आले नाही. आत येऊन त्यांनी डावीकडच्या ग्लासावरची वाटी काढली आणि नाक लावले. तिथे त्यांनी मोसंबी ओतली होती. ती तिथे नव्हती. मोसंबी त्यांना तिसऱ्या ग्लासात सापडल्यासारखी वाटली, आणि धूर, अगदी पुसट, दुसऱ्यात.

ग्लास उचलून टिकली बघायला क्षणाचाही वेळ लागला नसता. साऱ्या नोकरीत पडताळल्यावाचून सही न केलेल्या त्या माणसाने चारही ग्लास नळाखाली धरले, खिडकीकडे बघत धुतले, आणि तसेच कपाटात ठेवून दिले. पुढच्या शनिवारी तसेच. त्याच्या पुढच्याही. दर वेळी ओतलेला क्रम आणि नाकाला सापडलेला क्रम वेगळा निघे. घर बाकीचे दिवस रिकामे असे, पण शनिवारचे नसे. टेबलाशी बसल्यावर आपल्या मागून कोणीतरी फडताळापर्यंत गेले, असे त्यांना वाटे. ते मान वळवत नसत. मान वळवली तर बघितल्यासारखे होईल आणि बघितले तर काहीतरी एकच ठरेल, हे ते जाणून होते.

हे असेच चालले असते. पण एका गुरुवारी सकाळी गॅसवरचे दूध उतू गेले, ज्योत विझली, आणि उत्तूरकर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. गॅस डक्टमधून अक्कांच्या घरी पोहोचला. त्या धावत आल्या, दार बडवले, आत शिरून बटण फिरवले, खिडक्या सताड उघडल्या.

‘अण्णा, नाक कुठं ठेवलंत? घर पेटलं असतं की.’

‘सर्दी आहे थोडी,’ उत्तूरकर म्हणाले.

अक्कांनी लगेच शमिकाला फोन केला. शमिका हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये नोकरीला होती आणि नवऱ्याबरोबर, आशयबरोबर, तिकडेच राहत होती. सगळे शहर ओलांडून ती दुपारपर्यंत आली. आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि एक डबी घेऊन आली.

‘बाबा, डोळे मिटा. हे काय आहे?’

उत्तूरकरांनी दीर्घ श्वास घेतला. विचार केला. ‘धणे.’

‘हिंग आहे.’

‘जुना असेल.’

‘परवा मी आणून दिलाय.’ ती खुर्चीवर बसली. ‘तापात गेलेला वास पुष्कळांना परत आला. तुमचा आला नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. बाबा, इथं एकटं राहणं आता सेफ नाही. माझ्याकडे चला. हा फ्लॅट भाड्याने देऊ.’

‘शनिवारी मला इथं काम असतं.’

‘अक्कांनी सांगितलं मला तुमचं शनिवारचं काम.’

उत्तूरकरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग यंत्रावर दिसलेला आकडा वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाले, ‘तुझी आई ग्लास हलवते.’

शमिकाने त्यांच्याकडे बघितले. ती रागावली नाही. ‘कशावरून?’

‘मी ओततो त्या क्रमात ते राहत नाहीत.’

‘टिकल्या बघितल्यात?’

ते हिंगाच्या डबीचे झाकण लावू लागले.

‘न तपासता सही केलीत होय?’ ती हळूच म्हणाली. लहानपणापासून तिने हे वाक्य ऐकले होते, आणि ते असे आपल्यावर उलटेल याची त्यांना कल्पना नव्हती.

शेवटी त्या दोघांत ठरले ते असे. येत्या शनिवारी तिच्यादेखत ओतायचे आणि शेवटी टिकल्या बघायच्या. ग्लास हलले असतील, तर शमिका गॅस काढून टाकून विजेची शेगडी बसवून देईल आणि हेब्बाळचे नाव पुन्हा काढणार नाही. हलले नसतील, तर उत्तूरकरांनी घर सोडायचे. ‘सरी,’ उत्तूरकर म्हणाले. बाजारातून आणि रिक्षावाल्यांकडून घरात शिरलेला ‘ठीक आहे’साठीचा तो कन्नड शब्द ते नेहमी हसून वापरत. त्या दिवशी हसले नाहीत.

शनिवारपर्यंत त्यांना अन्न गोड लागले नाही. हेब्बाळचे घर चांगले होते, मोठे होते, खिडकीतून तळे दिसे. तिथे कल्पना कधी गेली नव्हती, एवढेच त्याच्यात न्यून होते.

शनिवारी शमिका लवकर आली. अक्काही आल्या, न बोलावता. ‘मी साक्षीला,’ त्या म्हणाल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. शमिकाने आधी वॉचमनला गाठून चौकशी केली होती. ‘बाबा, दिवे लागायच्या वेळी तो खालची पाण्याची मोटार सुरू करतो. तिच्या हादऱ्याने वाट्या वाजतात. आशयने गेल्या वेळी आला तेव्हाच मला सांगितलं होतं, की तुमच्या घरात भांडी थरथरतात म्हणून.’

‘मोटारीचा आवाज मला माहीत आहे,’ उत्तूरकर म्हणाले. ‘तो वेगळा.’

त्यांनी ओतले. मोसंबी, पेटी, शिमगा, बाळंतीण. पाण्याचे दोन दोन थेंब. हात स्थिर होता. वाट्या झाकल्या. शमिकाने खिडकी लावली, पंखा बंद केला. तिघे युटिलिटीत आले आणि तिने मधले दार ओढून घेतले. तेवढ्यात वीज गेली. साऱ्या गल्लीतले आवाज एकदम थांबले, आणि खालून वॉचमन ओरडला की करंट आल्याशिवाय मोटार लागणार नाही, नळ जपून वापरा.

‘झालं,’ शमिका पुटपुटली. ‘आता वाजणारच नाहीत.’

तिघे कढीपत्त्याच्या कुंडीपाशी दाटीने उभे होते. उत्तूरकरांनी नेहमीप्रमाणे दाराकडे पाठ केली. अक्का मनातल्या मनात कसलेसे स्तोत्र म्हणत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. उजेड कमी कमी होत गेला.

आणि आत वाटीचा काठ काचेवर हलकेच टेकला. मग थांबून, दुसरीचा.

अक्कांनी शमिकाचे मनगट धरले. ‘केळिस्ता? ऐकलीस तू?’

‘बाहेरून ट्रक गेला असेल,’ शमिका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

‘ट्रक गेला तर पहिली माझ्या घरची काच वाजते.’

उत्तूरकर कुंडीकडेच बघत राहिले. त्यांनी बराच वेळ जाऊ दिला. मग मान न वळवता विचारले, ‘येऊ का?’

कोणीच उत्तर दिले नाही. शमिका ‘चला’ म्हणणार होती, पण तिने तो शब्द गिळला. अखेर तेच वळले आणि त्यांनी दार उघडले.

स्वयंपाकघरात चार वाट्या चार ग्लासांवर नीट बसलेल्या होत्या. शमिकाने मोबाइलचा उजेड टेबलावर धरला. उत्तूरकरांनी पहिली वाटी काढली, डोळे मिटून नाक आत घातले, एक घोट जिभेवर फिरवला. ‘पेटी,’ ते म्हणाले. दुसऱ्याला फार वेळ लागला नाही. ‘मोसंबी.’ तिसरा ग्लास त्यांनी दोनदा घेतला, दोनदा खाली ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळून आले. ‘ही बाळंतीण. आणि शेवटचा शिमगा.’ त्यांनी शमिकाकडे बघितले. ‘बघ आता. मी ओतले तसे आहेत?’

शमिकाने पहिला ग्लास उचलला, डोक्याच्या वर धरला आणि खालून उजेड टाकला. हिरवी टिकली. दुसरा उचलला, मरून. तिसरा, काळी. चौथा, लाल. चारही जसे ओतले होते तसेच, जिथल्या तिथे. तिने शेवटचा ग्लास अगदी सावकाश खाली ठेवला. आपण बरोबर ठरलो याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता. आईच्या टिकल्या तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघितल्या होत्या.

उत्तूरकरांनी लाल टिकलीचा ग्लास पुन्हा हातात घेतला. आता त्यांना माहीत होते, की ही लागावुलिन आहे. माहीत असून नाक लावले. त्यात धूर नव्हता, ओवा नव्हता, डेटॉल नव्हते. नाकपुडीला नुसती चुणचुण होत होती. कुठल्याही दारूने झाली असती तशी.

‘हत्यार गेलंय,’ ते म्हणाले. ‘मी सगळा आळ जॉबवर घेत बसलो.’

‘बाबा...’

‘पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये.’

तेवढ्यात वीज आली. खाली मोटार सुरू झाली, आणि टेबलावर उपड्या पडलेल्या वाट्या एकमेकींना लागून खणखणू लागल्या. शमिकाने त्यांच्याकडे ‘बघितलंत ना?’ अशा अर्थाने पाहिले. उत्तूरकर तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिले. तो वेगळाच होता, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

शमिका आशयला फोन करायला बाहेरच्या खोलीत गेली. अक्का चुलीवर आमटी ठेवली आहे म्हणून घरी गेल्या. उत्तूरकर सिंकपाशी ग्लास धूत उभे राहिले. पाणी चालू होते. वाट्यांचा आवाज तर तिघांनीही ऐकला होता, मोटार बंद असताना. आणि ग्लास तसूभर हलले नव्हते. वाट्या वाजाव्यात आणि ग्लास जागच्या जागी राहावेत, असे या टेबलावर पूर्वी कितीतरी शनिवारी झाले होते. तेव्हाही त्यांचे चारही ग्लास चुकले होते.

त्यांनी नळ बंद केला. मान वळवून मागे बघितले, या दोन वर्षांत पहिल्यांदाच. टेबल, खुर्ची, फडताळ. कोणी नव्हते. पण पूर्वीही ते वळेपर्यंत ती नेहमी तोंडावर पदर धरून दुसरीकडे बघत असे.

शमिकाला त्यांनी यातले काही सांगितले नाही. तिने ऐकून घेतले असते, आणि मग दुसरी चाचणी ठरवली असती.

रविवारी आशय गाडी घेऊन आला. कपडे, औषधे, देव्हारा, पुस्तके खाली गेली. कृष्णमूर्ती फाटकापाशी खुर्ची टाकून देखरेख करत होते. सर्वांत शेवटी उत्तूरकर स्वतः एक लहान खोके दोन्ही हातांनी पोटाशी धरून उतरले. त्यात पायमोज्यांत गुंडाळलेले चार ग्लास होते आणि वर चार वाट्या.

‘हे काय, सर?’ कृष्णमूर्ती म्हणाले. ‘तिकडे मॉलमध्ये ग्लास मिळत नाहीत?’

‘ह्यांचं माप ठाऊक आहे मला,’ उत्तूरकर म्हणाले.

अक्का पायरीवर उभ्या होत्या. डोळे भरून आले होते, पण जीभ शाबूत होती. त्यांनी खोक्यात डोकावून बघितले, वाटीवरचे टिंबाटिंबांचे नाव बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, ‘टिकल्या तर बघितल्यात अण्णा. ग्लास जागचे हलले नव्हते. नाकही गेलं म्हणता. मग तिथं हे मांडून काय करणार? तिथं कोण येऊन हलवणार ग्लास?’

उत्तूरकरांनी खोके मांडीवर घेतले, गाडीचे दार ओढून घेतले आणि काच खाली केली.

‘इथं जिनं हलवले नाहीत, तीच तिथं येऊन हलवणार नाही.’